खोका उघडला म्हणजे हक्क संपला काय?

मोबाईलवर बोट ठेवले की माल घरी येतो, ही सोय आता वस्त्या-वाड्यांपर्यंत पोहोचली आहे. स्पर्धा परीक्षेची पुस्तके, बारावीतल्या मुलीसाठी टॅब, म्हाताऱ्या आईसाठी बीपी मोजण्याचे यंत्र, सारे काही खोक्यात बंद होऊन दारात येते. खोका उघडल्यावर मात्र कित्येकांच्या पदरी निराशा पडते. टॅब चालूच होत नाही, पुस्तकाची मधली पाने कोरी निघतात. कंपनीला फोन केला की ठरलेले उत्तर मिळते, 'सील तोडलेला माल परत घेतला जात नाही.' आणि आमचा माणूस गप्प बसतो. दोन-तीन हजार रुपये, म्हणजे त्याची कित्येक दिवसांची मजुरी, बुडाली असे समजून तो खोका माळ्यावर टाकून देतो.

आमचा साधा सवाल आहे. खोका उघडल्याशिवाय आतला माल खराब आहे हे कळणार कसे? दुकानात गिऱ्हाईक वस्तू हाताळते, उलटून-पालटून पाहते, चालवून दाखव म्हणते. ऑनलाईन खरेदीत हेच काम घरी आल्यावर होते, एवढाच फरक. माल हाताळून पाहण्याची किंमत आमच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. आमच्या आजा-पणजांना दुकानाच्या पायरीखाली उभे राहून, वरून टाकलेली पुडी मुकाट्याने उचलावी लागे. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानातील प्रवेशाचा नाव घेऊन उल्लेख आहे, तो उगाच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास वा पैसे देण्यास नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत पूर-वादळासारख्या आपत्तीचा तेवढा अपवाद आहे. सील तुटले की हा हक्क गेला, असे या नियमात कुठेही लिहिलेले नाही. मूळ कायद्यानेही सदोष माल परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. त्यासाठी बिलावर छापलेली मुदत धरतात, आणि मुदत छापलेली नसेल तर ३० दिवस.

खोका उघडतानाचा व्हिडिओ दाखवा, नाहीतर तक्रार घेणार नाही, असेही आजकाल सुनावले जाते. कायद्यात किंवा नियमात अशी अट नाही. परंतु पुरावा म्हणून व्हिडिओ कामाला येतो, तेव्हा महागाची वस्तू असेल तर काढून ठेवावा. बिल, खोक्यावरची चिठ्ठी आणि कंपनीशी झालेले संदेश तर जपून ठेवावेतच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण अर्धवट माहितीवर भांडायला गेलेला माणूस तोंडघशी पडतो. माल चांगला आहे, पण रंग आवडला नाही किंवा मन बदलले, अशा वेळी माल परत करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्याने दिलेला नाही. युरोपीय संघात ऑनलाईन खरेदीसाठी १४ दिवसांत कारण न देता सौदा मोडता येतो. आपल्याकडे त्या बाबतीत कंपनीचे धोरण हाच आधार. वापरलेले अंतर्वस्त्र किंवा कानात घालायचे यंत्र नुसते आवडले नाही म्हणून कंपनीने परत घेतले नाही, तर त्यात आम्हाला तरी अन्याय दिसत नाही. पण तेच यंत्र बिघडलेले निघाले तर 'स्वच्छतेचे कारण' पुढे करून सुटता येणार नाही.

दुसरी पळवाट म्हणजे टोलवाटोलवी. बाजार मांडणारी कंपनी म्हणते विक्रेत्याला विचारा, आणि विक्रेता कोण हेच ग्राहकाला ठाऊक नसते. नियमानुसार खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केली तर विक्रेत्याचा पत्ता देणे त्या कंपनीवर बंधनकारक आहे. कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तेव्हा फोनवर वाद घालत बसू नये, लेखी तक्रार करून क्रमांक घ्यावा.

तेथे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, तिथे मराठीतही बोलता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, ग्राहक जेथे राहतो वा पोटापाण्यासाठी काम करतो तेथील आयोगात तक्रार करता येते. गडचिरोलीच्या माणसाला दिल्ली गाठायची गरज नाही. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आहे, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि तक्रार ऑनलाईनही दाखल होते. मुदत मात्र कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. माळ्यावर पडलेल्या खोक्याची तारीख आजच बिलावर तपासून घ्यावी.