विश्लेषण : स्टेजवर जाताच हात का थरथरतात? रोजच्या व्यायामाचा उपयोग होतो का?

घरी बिनचूक वाजणारी खंजिरी किंवा पेटी भजन स्पर्धेच्या मंचावर अडखळते. वर्धा जिल्ह्यातील भजनी मंडळांना आणि संगीताच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना हा अनुभव नवा नाही. ‘रियाज कमी पडला’ असे म्हणून बहुतेकजण विषय संपवतात आणि चांगल्या गळ्याची काही मुले त्यानंतर मंचावर जाणेच सोडतात. पण ही भीती जेवढी मनात असते, तेवढीच शरीरातही असते.

शरीरात नेमके काय होते?

समोर श्रोते दिसले की शरीर धोक्याच्या तयारीला लागते. अॅड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, म्हणून बोटे गार पडतात. तळव्यांना घाम सुटतो. श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो आणि लांब तान अर्ध्यावर तुटते. त्यात ‘आता चुकणार’ हा विचार आला की धडधड आणखी वाढते.

व्यायामाने काय बदलते?

जिना भरभर चढल्यावरही छाती धडधडते, घाम येतो, दम लागतो. लक्षणे जवळपास तीच, पण तिथे कुणी घाबरत नाही. रोज धावणाऱ्या किंवा सायकल चालवणाऱ्याला ही धडधड ओळखीची होते आणि मंचावर ती सुरू झाली तरी तो बिथरत नाही. शिवाय कसदार शरीरात वाढलेले ठोके लवकर खाली येतात. पहिल्या अभंगात चुकलेला गायक दुसऱ्यात सावरतो की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. व्यायामानंतर काही तास अस्वस्थता कमी राहते, हा आणखी एक फायदा.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील टँगलवूड येथे तरुण व्यावसायिक वादकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन महिने योग व ध्यान करणारे १५-१५ जणांचे दोन गट आणि काहीच न करणारा १५ जणांचा तिसरा गट, अशी मांडणी होती. योग करणाऱ्यांमधील एकूण चिंता, उदासी व राग स्पष्टपणे घटला. मंचाची भीतीही कमी होण्याकडे कल दिसला. अभ्यास छोटा आहे, त्यामुळे ‘योगाने भीती पळाली’ अशी जाहिरात त्यावरून करता येणार नाही.

वर्ध्याचा याच्याशी काय संबंध?

खंजिरीवर भजने गाणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९३६ मध्ये सेवाग्राम आश्रमात सुमारे महिनाभर राहिले होते. त्याच आश्रमात गांधीजींचे रोजचे फिरणे ठरलेले असे. तरुणपणी मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच दाव्यात त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता आणि त्यांनी ३० रुपयांची फी परत केली होती. फिरण्यामुळे ती भीती गेली असे म्हणणे ओढूनताणून होईल. पण आपल्या आरोग्याचे श्रेय मात्र त्यांनी लांब चालण्याला दिले आहे.

कोणता व्यायाम, केव्हा?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालले तरी पुरे. वर्ध्याच्या मे महिन्यातील उन्हात हे सूर्योदयापूर्वीच उरकावे. चालून आल्याबरोबर, छाती धडधडत असतानाच बंदिश म्हणून पाहावी. मंचाची याहून स्वस्त रंगीत तालीम नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र जोर-बैठका किंवा वजने नकोत. थकलेले हात थरथरतात आणि वजन उचलताना गळ्यावर ताण येतो. त्या दिवशी सकाळी हलके फिरणे आणि मंचावर जाण्यापूर्वी लांब उच्छ्वास एवढे पुरते.

गोळी घ्यावी का?

पाश्चात्त्य वादकांमध्ये प्रोप्रानोलॉल ही गोळी परिचित आहे. ती ठोके आणि हातांचा कंप कमी करते. पण दमा असलेल्यांना ती धोकादायक ठरू शकते आणि मधुमेहींमध्ये साखर घटल्याची लक्षणे झाकते. मित्राकडून घेऊन ती खाऊ नये. भीतीमुळे झोप उडत असेल किंवा मूल मंचच टाळू लागले असेल, तर व्यायामावर विसंबून राहू नये. जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात सल्ला घ्यावा किंवा ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.