मिस हाउलंड यांचा कारखाना

अमेरिकेत पहिल्या विवाहाचे मध्यम वय 1950 च्या सुमारास स्त्रियांचे 20 व पुरुषांचे 23 होते, ते आता 28 व 30 च्या घरात गेले, आणि विवाह असा लांबत असतानाही प्रणयभेटींचा, म्हणजे व्हॅलेंटाइनांचा, बाजार मात्र फुगतच राहिला, हे आता सर्वश्रुत आहे. मला कित्येक वर्षे कुतूहल आहे ते हा बाजार प्रथम भरभराटीस आणणाऱ्या बाईंचे. कारण मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरच्या या एस्थर हाउलंड स्वतः आजन्म अविवाहित राहिल्या.

1828 साली जन्मलेल्या आणि वडिलांच्या पुस्तकांच्या व लेखनसाहित्याच्या दुकानाच्या सावलीत वाढलेल्या हाउलंड 1847 मध्ये माउंट होल्योक येथील स्त्रीविद्यालयातून शिक्षण संपवून बाहेर पडल्या. या विद्यालयाविषयीचे एक पत्र मला साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटते. त्याच वर्षी तेथे दाखल झालेल्या 17 वर्षांच्या भावी कवयित्री एमिली डिकिन्सन 1848 च्या फेब्रुवारीत आपले बंधू ऑस्टिन यांना कळवितात, की संस्थापिका मेरी लायन यांनी भर सभागृहात उभे राहून व्हॅलेंटाइन नावाच्या मूर्ख चिठ्ठ्या पाठविण्यास मनाईचे फर्मान काढले खरे, परंतु आदल्या वर्षापासून तेथे असलेल्या व बाईंचा स्वभाव पुरता ओळखून असलेल्या धूर्त मुलींनी सुटीतच चिठ्ठ्या लिहून बाहेरच्या हाती सोपविल्या होत्या, त्यामुळे हुकूम सुटण्यापूर्वीच सुमारे 150 रवानाही झाल्या! आदल्या वर्षी, म्हणजे हाउलंड तेथे शिकत असताना, बाईंचे हे मत मुलींना ठाऊक झालेले होते. आणि त्याच शिस्तीतून निघालेल्या मुलीने पुढे या मूर्खपणाचा कारखाना काढावा, यात मला तरी दैवाचा खट्याळपणा दिसतो.

वडिलांच्या व्यापारी स्नेह्याकडून आलेले एक इंग्रजी व्हॅलेंटाइन पाहून हाउलंड यांनी नमुने केले. विक्रीच्या फेरीवर निघालेल्या भावाने ते बरोबर नेले, आणि 200 डॉलरांची आशा असता तो 5,000 डॉलरांच्या मागण्या घेऊन परतला, असे सांगतात. मग मैत्रिणींना बोलावून घराच्या तिसऱ्या मजल्यावर काम सुरू झाले: कोणी रंगीत चित्रे कातरावीत, कोणी पार्श्वभूमीचे कागद निवडावेत, कोणी समोरचा नमुना पाहून ते चिकटवावेत, आणि अखेरची तपासणी मिस हाउलंड यांनी करावी. पांढऱ्या कागदी जाळीखाली चकचकीत रंगीत तुकडा ठेवून नक्षी उठविणे आणि घड्या घातलेल्या पट्ट्यांवर ती जाळी उचलून धरणे, ही त्यांच्या मालाची खूण. पाठीमागे बारीक लाल ‘एच’ हे अक्षर. 1879 मध्ये त्यांनी 131 पद्यांचे एक पुस्तकच काढले, त्यामुळे गिऱ्हाइकाला आतले कडवे पसंत न पडल्यास दुसरे निवडून त्यावर चिकटविता येई. भावना तीच ठेवून कडवे तेवढे बदलण्याची ही सोय पाहून मला हसू आवरत नाही.

हाउलंड यांचे चरित्र सांगणारे बहुधा त्यांच्या एकटेपणावर उसासे टाकतात. ते मला मान्य नाही. धंदा उभा राहिला तेव्हा त्या प्रांतात विवाहितेच्या कमाईवर कायद्याने पतीची मालकी असे, आणि 1855 च्या कायद्यापर्यंत ही वहिवाट मोडली नव्हती. तेव्हा वर्षाला लाख डॉलरांपर्यंत उलाढाल गेली असे ज्या व्यवसायाविषयी म्हणतात, त्याच्या पायाभरणीच्या काळात लग्न झाले असते तर जमाखर्चाची वही कोणाच्या हाती गेली असती, हे उघड आहे. हाउलंड यांचा माल जाई त्याच टपालातून प्रौढ कुमारिकांची टवाळी करणारी पेनीच्या किमतीची कुरूप चित्रे, ज्यांना पुढे ‘व्हिनेगर व्हॅलेंटाइन’ म्हणू लागले, तीही हिंडत, आणि हशील आगाऊ भरण्याची सक्ती 1855 मध्ये होईपर्यंत अपमानाचे टपालहशील अनेकदा अपमानिताच्याच खिशातून जाई. या टवाळीला एक खणखणीत उत्तर लेखिका लुइझा मे ऑल्कट यांनी दिले: 1868 च्या 14 फेब्रुवारीच्या आपल्या रोजनिशीत त्यांनी, कर्तबगार अविवाहित स्त्रियांवर लेख लिहीत असल्याची नोंद करताना, आमच्यापैकी पुष्कळींना प्रेमापेक्षा स्वातंत्र्य हाच बरा नवरा, अशा आशयाचा शेरा मारला आहे.

एवढे असूनही 1880 च्या सुमारास, आजारी वडिलांच्या शुश्रूषेसाठी, हाउलंड यांनी चालता धंदा त्याच गावच्या जॉर्ज व्हिटनी यांना विकून टाकला. पतीचा हक्क चुकविता आला, पण घरातल्या अविवाहित मुलीवर वडीलमंडळींचा हक्क पहिला, हा अलिखित कायदा कोणत्याही विधिमंडळाने रद्द केलेला नव्हता. त्या 1904 मध्ये वारल्या. व्हिटनी यांची कंपनी मात्र महायुद्धातील कागदटंचाईने 1942 मध्ये बंद पडेपर्यंत वूस्टरमध्ये व्हॅलेंटाइन छापीत होती.