कल्याणीनगरचा अपघात आणि पुणेकरांचा संताप

१९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीला मागून धडक दिली. दुचाकीवरचे तरुण आणि तरुणी, मूळचे मध्य प्रदेशातले दोन आयटी अभियंते, ठार झाले. मोटार चालवणारा मुलगा १७ वर्षांचा, शहरातल्या एका बांधकाम व्यावसायिकाचा होता. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला. जामिनाच्या अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती आणि त्या एका अटीने शहर खवळून उठले.

निबंध हे निमित्त होते. मुलगा त्या रस्त्यावर पोचण्याआधीच अनेक नियम मोडले गेले होते. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे. तरीही पबमध्ये त्याच्यापुढे दारू आल्याचे तपासात समोर आले. मोटारीची कायमस्वरूपी नोंदणी झालेली नव्हती. कोट्यवधींच्या त्या वाहनाचे १,७५८ रुपयांचे नोंदणी शुल्क भरायचे राहिले होते. वाहन परवान्याचे वय १८. ते तर झालेलेच नव्हते. उत्पादन शुल्क विभाग, परिवहन कार्यालय, घरची माणसे यांपैकी एकाने जरी आपले काम केले असते, तर ती मोटार त्या रात्री रस्त्यावर आली नसती.

अपघातानंतर जे घडले ते त्याहून संतापजनक होते. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल, तर वाहन चालवणे हा गुन्हा ठरतो. हे प्रमाण तासागणिक उतरत जाते, म्हणून नमुना लवकर घेणे महत्त्वाचे असते. इथे तो घेईपर्यंत काही तास उलटले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ससून रुग्णालयात मुलाचे रक्त टाकून देऊन त्या जागी त्याच्या आईचे रक्त ठेवले गेले. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळेना, तेव्हा ही अदलाबदल उघड झाली. ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली, मुलाचे आई-वडीलही पकडले गेले. घरच्या चालकाने गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून आजोबांनाही अटक झाली. घटनेची खबर वरिष्ठांना वेळेत न दिल्याबद्दल येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. गरिबाच्या नातलगाला साधा पोलीस जबाब नोंदवायला खेटे घालावे लागतात, त्या शहराला हा तपशील झोंबला नसता तरच नवल.

कायद्याची बाजू मात्र लोकभावनेपेक्षा गुंतागुंतीची आहे. १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्यासाठी गुन्हा ‘घृणास्पद’ वर्गात बसावा लागतो, म्हणजे त्याला किमान सात वर्षांची शिक्षा हवी. सदोष मनुष्यवधाच्या कलमात कमाल शिक्षा मोठी असली, तरी किमान शिक्षा ठरवलेली नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असे गुन्हे ‘गंभीर’ या खालच्या वर्गात टाकले. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जामिनानंतर दिलेली निरीक्षणगृहातली मुलाची कोठडी बेकायदा ठरवून त्याला सोडण्याचा आदेश दिला. प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. मुलांना सुधारण्याची संधी देणारा हा कायदा योग्यच आहे. चीड येते ती त्याच्या आडून मोठ्यांनी केलेल्या लबाडीची.

     

पालकांना जबाबदार धरणारी तरतूद २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.