रोपांचे फिरते घर

टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपे तयार करण्यासाठी लहान, उचलून नेता येण्याजोगी हरितगृहे हल्ली बाजारात पुष्कळ दिसतात. संकरित बियाणे महाग झाल्यापासून एकेक बी मोलाचे ठरले आहे; तेव्हा अशा घरांकडे आमच्या शेतकरी बंधूंचे लक्ष जावे हे साहजिकच होय. तथापि खरेदीपूर्वी, आपल्या रोपांस भय कशाचे, एवढा एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

हे घर मूळचे थंड देशातले. सन १८२९ मध्ये लंडनच्या नथॅनिएल वॉर्ड नामक डॉक्टरास बंद बाटलीत नेचा उगवलेला आढळला. त्यावरून त्याने काचेची बंद पेटी सिद्ध केली. पुढे अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आणली. ओल आणि ऊब कोंडून धरणे हा त्या पेटीचा गुण. सोलापुरात मात्र मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. येथे रोपांचे शत्रू तीन : तळपते ऊन, कोरडा वारा आणि पांढरी माशी. ही माशी टोमॅटोची पाने आकसविणारा विषाणू पसरविते, आणि रोग जडलेल्या रोपावर उपाय नाही.

म्हणून चोहोबाजूंनी प्लॅस्टिकने बंद केलेले घर आमच्याकडे रोपांची भट्टी होते. त्यातही घर जेवढे लहान, तेवढे ते लवकर तापते. कारण आतील हवा थोडी असते. आमच्या मते येथील घर जाळीचेच असावे. किडीसाठी ४० मेशची पांढरी नायलॉन जाळी घ्यावी. ४० मेश म्हणजे एका इंचात ४० छिद्रे. दुकानातच पट्टी लावून ती मोजावीत. फुलकिडे मात्र याहून बारीक असल्याने आत शिरू शकतात; त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे टांगावेत. उन्हाळ्यात वरून ५० टक्के सावलीची जाळी घालावी. प्लॅस्टिकचा कागद जवळ असावा, पण तो मोठ्या पावसापुरता किंवा पौष-माघातील कडाक्याच्या रात्रीपुरताच. सकाळ होताच काढावा.

आकाराचा हिशेब सोपा आहे. ४ फूट रुंद व २० फूट लांब अशा बोगद्यात ९८ कप्प्यांचे सुमारे ४० ट्रे मावतात, म्हणजे चार हजारांच्या आसपास रोपे होतात. कमानी बांबूच्या कामट्यांच्या किंवा जाड तारेच्या चालतात. उंची कमरेइतकी असावी. फार बुटका बोगदा तापतो. काळ्या जमिनीत पाऊस पडताच खुंट्या सैल होतात. यास्तव जाळीच्या कडांवर वाळूची पोती ठेवावीत.

जागा विहिरीजवळ, पाणी न साचणारी निवडावी, आणि पश्चिमेस कडब्याचा किंवा तुरकाठ्यांचा आडोसा करावा. ट्रे नसतील तर गादीवाफे करावेत. पाणी सकाळी झारीने द्यावे. रात्री ओल राहिल्यास रोपे कोलमडतात. आत शिरताना जाळी क्षणभरच उघडावी. एक माशी आत गेली तरी जाळीचा खर्च वाया जातो. टोमॅटोची रोपे २५ ते ३० दिवसांत, मिरचीची सुमारे ४० दिवसांत लागणीस येतात. शेवटचा आठवडा सावलीची जाळी हळूहळू काढावी व पाणी कमी करावे. सावलीत लाडावलेले रोप थेट शेतातील उन्हात नेले, तर ते मान टाकते.

गादीवाफ्यावर रोपे करणाऱ्यास घर फिरते असण्याचा खरा लाभ पुढील हंगामी कळतो. त्याच मातीत पुनःपुन्हा रोपे केल्याने मर रोग व सूत्रकृमी वाढतात. हे घर मात्र उचलून नव्या जागी नेता येते.

राज्य शासनाने सन २०२० मध्ये सुरू केलेली अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना रोपे विकू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. आपल्याच एक-दोन एकरांपुरती रोपे ज्यास हवीत, त्याने मोठ्या खर्चात न पडता प्रथम एक बोगदा उभारावा, आणि त्याच बियाणाची काही रोपे उघड्यावर वाढवून दोहोंतील फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ती परीक्षा अधिक विश्वासाची होय.