संगणकाचे ‘आणि’ व ‘किंवा’

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. भातकुली परिसर याच पट्ट्यातला. येथील भूजल खारट असल्याने सिंचनाचा प्रश्न वेगळा आहे. म्हणूनच २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळप्रवण गावांबरोबर या पट्ट्यातील गावांचाही समावेश करण्यात आला. योजनांचे नियम आता संगणकाकडून पडताळले जातात. अशा वेळी नियमाची मांडणी बिनचूक असणे अगत्याचे ठरते.

उदाहरणादाखल एक नियम घेऊ : ‘अर्जदार अल्पभूधारक किंवा महिला असावी, आणि जमीन खारपाणपट्ट्यात असावी.’ वाचणाऱ्यास अर्थ स्पष्ट आहे. परंतु आज्ञावलीत तो ‘अल्पभूधारक किंवा महिला आणि खारपाण’ असा उतरला, तर अर्थ पालटतो.

अग्रक्रमाचा नियम

शाळेत ‘कंचेभागुबेव’ शिकविले जाते. त्यानुसार २ + ३ × ४ चे उत्तर १४ येते, २० नव्हे. सी, पायथन, एसक्यूएल आदी बहुतेक संगणकीय भाषांतही असाच अग्रक्रम असतो : प्रथम ‘नाही’, नंतर ‘आणि’, शेवटी ‘किंवा’. साहजिकच संगणक ‘महिला आणि खारपाण’ ही जोडी आधी बांधतो. परिणामी अल्पभूधारकास जमिनीची अट उरतच नाही.

चूक लपते कोठे?

संगणक अशा वेळी सहसा सूचना देत नाही, कारण वाक्यरचना शुद्धच असते. आज्ञावलीची चाचणी भातकुली परिसरातील खारपाण गावाच्या यादीवर घेतली, तरी दोष दिसणार नाही. तेथे जमिनीची अट सर्वांची पूर्ण होत असल्याने दोन्ही मांडण्यांचे उत्तर एकच येते. तीच आज्ञावली चिखलदऱ्यासारख्या डोंगराळ भागास लावली, की तेथील प्रत्येक अल्पभूधारक पात्र ठरतो. निधी मर्यादित असल्यास खऱ्या गरजूचा वाटा त्यामुळे घटतो.

उपाय

उपाय सोपा आहे. ‘(अल्पभूधारक किंवा महिला) आणि खारपाण’ असा कंस द्यावा. कंसाचा मान सर्वांत आधी. शिवाय तीन अटींच्या ‘होय–नाही’ अशा आठच जोडण्या होतात. त्या कागदावर मांडून प्रत्येकीचे उत्तर ताडून पाहावे. वरील उदाहरणात त्यांपैकी दोन चुकतात आणि दोन्ही खारपाणपट्ट्याबाहेरील अल्पभूधारकांच्या आहेत. हे काम संगणकतज्ज्ञाचेच नव्हे. नियम जाणणारा ग्रामसेवक, शिक्षक वा पंचायत सदस्यही ते करू शकतो. यादी जाहीर होण्यापूर्वी केलेली ही पडताळणी पुढील अनेक तक्रारी टाळू शकेल.