टाळता येणारे मरण आणि देवाची इच्छा

तान्ह्या बालकाच्या दफनविधीच्या वेळी शोकाकुल मातापित्यांना धीर देताना धर्मगुरू किंवा धर्मशिक्षक बहुधा एकाच वाक्याचा आधार घेतो: ही देवाची इच्छा होती. या उद्गारामागील करुणा खरी असते, यात शंका नाही. परंतु ते बालक अतिसाराने अंगातील पाणी आटून, लस न टोचल्यामुळे गोवराने, किंवा नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्यामुळे झालेल्या धनुर्वाताने दगावले असेल, तर त्या मृत्यूचे कर्तृत्व परमेश्वराकडे सोपविण्याचा अधिकार आपणांस आहे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो केवळ तात्त्विक नाही. त्याचे उत्तर आपण काय देतो, यावर आपल्या मंडळ्यांची सेवा कोणते रूप घेणार हे अवलंबून आहे.

शास्त्राची साक्ष

मत्तय १८:१४ मध्ये प्रभू येशू निःसंदिग्धपणे सांगतो की, या लहानांपैकी एकाचाही नाश व्हावा अशी स्वर्गीय पित्याची इच्छा नाही. या वचनाचा मूळ संदर्भ भटकलेल्या मेंढराचा आहे, हे खरे. तरीही पित्याचे अंतःकरण ओळखण्यास ते पुरेसे आहे. योहान ९ मध्ये जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य विचारतात की, पाप कोणाचे? प्रभू दोषाची वाटणी करीत बसत नाही. तो चिखल करतो आणि कामाला लागतो. मार्क २ मधील पक्षाघाती मनुष्य तर चौघांच्या खांद्यांवरून येशूपर्यंत पोहोचला. तेथे प्रभूने प्रथम पाहिला तो उचलून आणणाऱ्यांचा विश्वास. आरोग्यदान हे एका वैद्याचे काम नसून आणणाऱ्यांच्या समुदायाचेही आहे, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

आपल्या प्रदेशात जन्मानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई बालकाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी जुनी समजूत आहे. नवजात अर्भकाचा धनुर्वात बहुधा याच पहिल्या आठवड्यात प्रकट होतो; त्यामुळे तो मृत्यू ललाटलेख ठरला, यात नवल नाही. पण गरोदर मातेला धनुर्वाताची लस आणि नाळेसाठी स्वच्छ पाते, एवढ्या साधनांनी देशभर या रोगाचा बीमोड होत गेला व २०१५ मध्ये भारतातून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. जे लशीने पुसले गेले, ते कपाळी लिहिलेले नव्हतेच. सटवाईचे नाव काढून त्या जागी देवाची इच्छा हे शब्द ठेवले, म्हणजे दैववाद ख्रिस्ती होत नाही.

जामखेडचा धडा

हा विचार कृतीत कसा उतरतो, हे पाहण्यासाठी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडकडे वळावे लागेल. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मेबलबाईंचा जन्म आपल्या मध्य प्रदेशातील जबलपूरचा. त्यांचे वडील तेथील लेनर्ड ईश्वरविज्ञान महाविद्यालयात अध्यापक होते. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोर येथे झाले होते. आधी मिशन रुग्णालयात काम करीत असता त्यांना दिसून आले की, बरा करून घरी पाठविलेला रुग्ण त्याच आजाराने पुन्हा दाराशी येतो; कारण रोगाचे मूळ रुग्णालयात नसून गावातील पाण्यात, उपासमारीत आणि जातिभेदात असते.

जामखेडचा परिसर अवर्षणाचा. तेथील लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती. पाण्याची व अन्नाची होती. १९७२ च्या दुष्काळाने तर ती अधिकच तीव्र केली. प्रकल्पाने ती मान्य केली आणि विंधन विहिरी व बालकांच्या आहाराचे काम आधी हाती घेतले. विहिरींसाठी दलित वस्तीतील जागांचा आग्रह धरण्यात आला, जेणेकरून पाण्यासाठी सर्वांना तेथे यावे लागेल. शुद्ध पाणी आणि माणुसकीचा पाठ एकाच पंपातून मिळू लागला.

पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याचा प्रयत्न फारसा यशस्वी झाला नाही. तेव्हा प्रत्येक गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी, असे ठरले. या स्त्रिया बहुधा प्रौढ, पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित समाजातील. त्या नियमाने जामखेडला येत, शिकत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि परतल्यावर शिकलेले गावाला शिकवीत. गरोदर स्त्रियांची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, मीठ-साखरेचे पाणी, लसीकरण, क्षय व कुष्ठरोगाची ओळख ही कामे त्यांनी समर्थपणे पेलली. तरुण शेतकरी मंडळे व महिला मंडळे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. १९७१ च्या सुमारास तेथे जन्मणाऱ्या दर हजार बालकांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत असत. पंचवीस वर्षांत हे प्रमाण ३० च्या खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ मध्ये व रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले.

याच सुमारास जगातही विचार पालटत होता. जागतिक ख्रिस्तमंडळी परिषदेने १९६८ मध्ये ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन केला आणि मिशन रुग्णालयांच्या भिंतींबाहेर राहिलेल्या बहुसंख्य गरिबांचे काय, असा प्रश्न मंडळ्यांपुढे ठेवला. १९७१ मध्ये बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडताच मीठ व ग्लुकोज मिसळलेले पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या खाली आले. १९७८ च्या आल्मा-आटा घोषणेने लोकसहभागावर आधारलेली प्राथमिक आरोग्यसेवा सर्व राष्ट्रांचे ध्येय म्हणून स्वीकारली. तिच्यामागील अनुभवांत जामखेडचा अनुभवही होता.

या घडामोडींचा ईश्वरविज्ञानात्मक अर्थ असा की, गरीब मनुष्य केवळ सेवेचा विषय नसून तो स्वतः सेवक आहे. जामखेडच्या एका ग्रामीण आरोग्यसेविकेने १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत छतावरच्या झुंबराची व मातीच्या पणतीची तुलना केली होती. तिचे म्हणणे असे की, झुंबर सुंदर खरे, पण ते महाग व हाताबाहेरचे. पणती मात्र आपल्या ज्योतीने दुसरी पणती लावू शकते. आपणां ख्रिस्ती लोकांना ही कल्पना परकी वाटू नये. जेथे धर्मगुरू वर्षातून दोनदा पोहोचत असे, तेथे विश्वास टिकविला तो गावातल्याच साध्या धर्मशिक्षकाने. डॉक्टर व ग्रामसेविका यांचे नाते हे याच नात्याचे दुसरे रूप आहे.

एक आक्षेप

येथे एका जुन्या आरोपाचा विचार करणे प्राप्त आहे. १९५६ मध्ये, सौंसरचा हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात असताना, नियोगी समितीने आपल्या अहवालात मिशनची रुग्णालये व शाळा धर्मांतराची साधने असल्याचा ठपका ठेवला. तो राग मनात धरून काही बंधू सेवेपासूनच दूर राहतात. पण सेवा हे आमिष नव्हे, हे शब्दांनी सिद्ध होत नाही. दहा कुष्ठरोग्यांपैकी नऊ परतले नाहीत, म्हणून प्रभूने त्यांचे आरोग्य काढून घेतले नाही. मोबदल्याची अपेक्षा नसलेले प्रेम हीच आपली साक्ष आणि तेच आपले उत्तर.

आपल्या मंडळ्यांत काय करता येईल

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या संत्र्यांच्या व कापसाच्या पट्ट्यात आज आशा कार्यकर्ती आहे, अंगणवाडी आहे, नागपूरचा रस्ता आहे. म्हणून नवी संस्था काढण्यापेक्षा जे आहे त्याच्याशी मंडळी जोडून देणे अधिक उचित. बाप्तिस्म्याच्या तयारीत बालकाचे लसीकरण झाले आहे काय, हे प्रेमाने विचारावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक घरी पाठ असावे. क्षयरोग्याने औषध मधेच सोडू नये, म्हणून एका कुटुंबाने त्याची पाठराखण करावी. विवाहेच्छू तरुण-तरुणींस सिकल सेलच्या रक्ततपासणीची माहिती द्यावी. २०२३ पासून या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे.

शेवटची सूचना सर्वांत कठीण आहे. वर्षातून एकदा धर्मगुरू, धर्मशिक्षक व मंडळीतील वडीलधाऱ्यांनी दफनाची नोंदवही उघडून बसावे आणि प्रत्येक नावापाशी विचारावे: हे मरण टाळता आले असते काय? आपण कोठे कमी पडलो? हे मंडळीचे आत्मपरीक्षण आहे. पुत्रवियोगाने विदीर्ण झालेल्या मातेवर दोष ठेवण्यासाठी ते नव्हे. थडग्यापाशी तिला एवढेच सांगावे की, लाजराच्या कबरेपाशी रडलेला प्रभू तिच्याबरोबर रडतो आहे. काही मृत्यू मानवी प्रयत्नांच्या पलीकडचे असतात. तेथे आपण नम्रपणे मौन धरावे. पण जेथे स्वच्छ पाणी, एक लस किंवा शेजाऱ्याची वेळेवर पडलेली हाक पुरेशी होती, तेथे देवाची इच्छा हे शब्द उच्चारण्याआधी ती इच्छा पूर्ण करण्याचे काम आपणांवर सोपविलेले होते, याचे स्मरण ठेवावे.