नाडीचा मेळ तपासा

ऊस विकास अधिकारी हृदयावर काय लिहितो, असे भातकुलीकडील मंडळी म्हणतील. पण साठी ओलांडलेले, रक्तदाबवाले सभासद आपल्यात आहेतच.

हृदयाचे वरचे दोन कप्पे रक्त घेऊन खालच्यांत सोडतात. ते नीट न आवळता नुसते थरथरू लागले, म्हणजे मोटार घुंघुं करते पण पाणी चढत नाही तसे, तर रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली की लकवा.

मनगटावर अंगठ्याच्या बाजूस दोन बोटे ठेवून घड्याळावर पुरते एक मिनिट नाडी पाहावी. ठोक्यांत मेळच लागत नसेल तर अमरावतीस इर्विनला जाऊन ई.सी.जी. काढावा. वरच्या कप्प्यांची लहानशी 'पी' लाट अशा वेळी पट्टीवर दिसत नाही. मात्र हा आजार येतो-जातो. एक पट्टी चांगली निघाली म्हणून निर्धास्त राहू नये. चोवीस तासांची नोंदही घेता येते. लहानपणी सांधेताप झालेल्यांनी झडपेसाठी 'इको' तपासणीचेही विचारावे. अन् रक्त पातळ करणारी गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका, की आपल्या मनाने सोडू नका.